नगरपरिचय : गोठलेल्या जमिनीवरचे याकुत्स्क

सुरतेच्या कारखान्यांत घासले जाणारे आणि मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरे बाजारात पुड्यांतून हातोहात फिरणारे हिरे ज्या प्रदेशांतून येतात, त्यांत सैबेरियाचा वाटा मोठा आहे. ‘रशियाचा कच्चा माल’ हे शब्द व्यापारी घराण्यांतील मुलांच्याही कानावरून गेलेले असतात. परंतु हा माल ज्या भूमीतून निघतो तिच्या राजधानीचे नाव विचारले, तर बहुतेकांना नकाशा उघडावा लागेल. लेना नदीच्या डाव्या काठावर, ६२ उत्तर अक्षांशावर वसलेल्या या शहराचे नाव याकुत्स्क.

याकुत्स्क ही रशियातील सखा प्रजासत्ताकाची राजधानी. याकुतिया हे या प्रजासत्ताकाचे दुसरे नाव. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताहून थोडेसेच कमी. वस्ती मात्र जेमतेम १० लाख. सोलापूर शहरात मावतील एवढी माणसे जवळजवळ भारताएवढ्या भूमीवर पसरली आहेत, असे म्हटल्यास तेथील विरळपणाची कल्पना येईल. त्यांतील साडेतीन लाखांहून अधिक लोक एकट्या याकुत्स्कमध्ये राहतात. जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३८ अंशांच्या आसपास असते. नोंदलेला नीचांक उणे ६४ अंशांपर्यंत गेलेला आहे, तर जुलैत पारा कधी कधी अधिक ३८ अंशांपर्यंतही चढतो. हिवाळा आणि उन्हाळा यांत १०० अंशांचा फरक सोसणारी मोठी शहरे पृथ्वीवर शोधूनही सापडणार नाहीत.

पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला २५ सेंटिमीटरदेखील पाणी पडत नाही. हे प्रमाण मारवाडच्या रुक्ष पट्ट्याशी तुलना करण्याजोगे. असे असूनही शहराभोवती लार्च वृक्षांची घनदाट अरण्ये आहेत. याचे कारण जमिनीखाली आहे. वरचा दीड-दोन मीटरचा थर उन्हाळ्यात सुटतो, त्याखालची जमीन मात्र शेकडो मीटर खोलीपर्यंत बारमाही गोठलेली असते. वरचे पाणी खाली झिरपून जात नाही. ते मुळांपाशीच राहते. थंडी नसती तर येथे बहुधा ओसाड माळरान असते. या शहराला जे जे मिळाले ते थंडीने दिले आहे, ही गोष्ट पुढेही वारंवार दिसेल.

इ. स. १६३२ मध्ये प्योत्र बेकेतोव या कोसॅक सरदाराने लेनाच्या काठी लाकडी गढी उभारली. शिवाजी महाराज त्या वेळी दोन वर्षांचे होते आणि आग्ऱ्यात ताजमहालाचे काम सुरू होत होते. नदीच्या पुराने जागा गैरसोयीची ठरल्यावर १६४३ च्या सुमारास वस्ती आजच्या ठिकाणी, तुयमादा खोऱ्यात हलली. कोसॅक येथे आले ते शेतीसाठी नव्हे आणि धर्मप्रसारासाठीही नव्हे. सेबल नावाच्या लहानशा, लवदार प्राण्याच्या कातड्यासाठी ते आले. युरोपच्या दरबारांत या कातड्याला सोन्यासारखा भाव होता. स्थानिक जमातींकडून दरवर्षी ठरावीक कातडी ‘यासाक’ या नावाने कर म्हणून वसूल होत. वसुलीची हमी म्हणून जमातींच्या प्रमुखांची माणसे गढीत ओलीस ठेवली जात. माणसालाच तारण ठेवण्याचा हा व्यवहार राजाच्या नावाने राजरोस चालत असे. त्यासाठी किती मुक्या जिवांचा संहार झाला याची मोजदाद नाही. काही दशकांतच जवळपासची अरण्ये सेबलविना रिती होऊ लागली आणि कातड्यांच्या शोधात कोसॅक आणखी पूर्वेकडे, थेट प्रशांत महासागरापर्यंत सरकत गेले. रशियाचा एवढा विस्तार होण्यामागे मुद्दल खाऊन संपवण्याची ही सवय होती.

या पूर्वेकडच्या धावेत याकुत्स्क हे मुख्य ठाणे होते. सिम्योन देझ्न्योव हा कोसॅक येथूनच पुढे गेला. १६४८ मध्ये त्याने आशिया आणि अमेरिका यांमधील सामुद्रधुनीतून नौका नेली. त्याने आपला वृत्तान्त लिहून याकुत्स्कच्या कचेरीत पाठवला, तो तेथेच पडून राहिला. १७२८ मध्ये व्हिटस बेरिंग सरकारी खर्चाने त्याच सामुद्रधुनीतून गेला आणि तिला त्याचे नाव मिळाले. गेऱ्हार्ड म्यूलर या इतिहासकाराच्या हाती देझ्न्योवचे कागद याकुत्स्कच्या दप्तरात लागले ते १७३६ साली. कचेरीतील एक नस्ती कित्येक दशके न उघडल्यामुळे जगाच्या नकाशावरचे नाव बदलले. ज्यांचा सरकारी दप्तरांशी संबंध आला आहे त्यांना याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

शहराच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय माणूस मात्र सरदार नव्हे, एका व्यापारी कंपनीचा व्यवस्थापक होता. अलास्कातील कातड्यांचा व्यापार करणाऱ्या रशियन-अमेरिकन कंपनीची एक कचेरी याकुत्स्कमध्ये होती. तिचा कारभार पाहणाऱ्या फ्योदोर शेर्गिन याने १८२८ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी विहीर खणावयास घेतली. दहा मीटर झाले, वीस झाले, तीस झाले, जमीन गोठलेलीच. कोणताही व्यवहारी माणूस येथे थांबला असता आणि शेर्गिनही थांबण्याच्या विचारात होता. त्याच सुमारास अलास्काकडे निघालेले आरमारी अधिकारी आणि संशोधक फर्डिनांड रँगेल याकुत्स्कमार्गे गेले. पाणी लागो वा न लागो, ज्ञानासाठी हे काम पुढे चालवावे, असा आग्रह त्यांनी धरला. शेर्गिनने तो मानला. १८३७ पर्यंत खोदाई चालली, सुमारे ११६ मीटरपर्यंत पोहोचली, आणि तरीही पाण्याचा थेंब लागला नाही.

पाण्याच्या हिशेबाने ही विहीर निव्वळ तोटा होती. परंतु जमीन एवढ्या खोलीपर्यंत गोठलेली असू शकते, यावर युरोपातील नामांकित भूवैज्ञानिकांचाही तोवर विश्वास नव्हता. प्रवाशांच्या अतिशयोक्तीत ते ही गोष्ट जमा करीत. १८४४ मध्ये अलेक्झांडर मिडेनडॉर्फ यांनी शेर्गिनच्या विहिरीच्या भिंतींत ठिकठिकाणी तापमापक बसवून मोजमाप केले. वरून खाली जाताना थंडी हळूहळू कमी होते, पण तळाशीही जमीन गोठणबिंदूच्या खालीच आहे, हे त्यांतून सिद्ध झाले. गोठलेल्या जमिनीच्या शास्त्राचा पाया या कोरड्या विहिरीत घातला गेला. ती विहीर शहरात आजही जपलेली आहे. त्याच परंपरेतील गोठभूमी संशोधन संस्था १९६० पासून याकुत्स्कमध्ये काम करीत असून तिच्या इमारतीखाली बारा मीटर खोलीवर प्रयोगशाळा आहे. तेथे भर उन्हाळ्यातही भिंतींवर बर्फाचे स्फटिक चमकतात.

या ज्ञानावाचून आजचे शहर उभेच राहिले नसते. गोठलेली जमीन दगडासारखी कठीण असते, पण तिच्यात बर्फ मिसळलेला असतो. घराची ऊब खाली उतरली की बर्फ वितळतो, मातीचा चिखल होतो आणि घर एका अंगाला कलते. जुन्या याकुत्स्कमधील लाकडी घरे खिडक्यांपर्यंत जमिनीत रुतलेली आजही दिसतात. यावर उपाय निघाला तो असा. जमिनीत दहा-बारा मीटर खोल भोके पाडून त्यांत काँक्रीटचे खांब उतरवायचे, भोवती ओला गारा भरायचा आणि तो आपोआप गोठू द्यायचा. खांब जमिनीशी एकजीव होतो. इमारत या खांबांवर, जमिनीपासून माणूस वाकून जाईल एवढ्या उंचीवर बांधायची, म्हणजे हिवाळ्याचा बोचरा वारा तिच्याखालून वाहत राहतो आणि पाया थंड ठेवतो. आपल्याकडे पाया ओला होऊ नये म्हणून जपतात, तेथे तो उबदार होऊ नये म्हणून. पाण्याचे व गरम वाफेचे नळही जमिनीखालून नेता येत नाहीत. ते रस्त्यांच्या कडेने, चौकांत कमानी करून, माणसांच्या डोक्यांवरून जातात. नवख्याला हे दृश्य कुरूप वाटते. त्यामागचा हिशेब समजल्यावर तसे वाटत नाही.

दैनंदिन जीवनातही थंडीला असेच कामाला लावले आहे. बाजारात दूध बशीच्या आकाराच्या गोठलेल्या वड्यांच्या रूपाने विकले जाते. पिशवीत घालून घरी न्यावे आणि लागेल तेवढे वितळवावे. खेड्यांतून शरद ऋतूत नदी-तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापून त्याच्या लाद्या अंगणात रचतात, तेच हिवाळाभराचे पिण्याचे पाणी. पारा उणे ४० च्या खाली गेला की मोटारींचा धूर आणि चिमण्यांची वाफ हवेतच गोठून दाट धुके तयार होते आणि समोरचा माणूस दिसेनासा होतो. उणे ४५ च्या सुमारास लहान मुलांच्या शाळेला सुट्टी मिळते. मोठ्या वर्गांना तेवढ्याने मिळत नाही. आपल्या वाचकांच्या मनात सर्वप्रथम येणारा प्रश्न म्हणजे तेथे खावे काय? पारंपरिक आहार मांस, मासे आणि घोडीचे दूध यांचा. बटाटा आणि कोबी उन्हाळ्यात पिकतो. २०१६ पासून एका जपानी कंपनीच्या सहभागाने उभारलेल्या काचघरांत ऐन हिवाळ्यातही काकड्या-टोमॅटो निघतात, पण शाकाहारी माणसाची कसोटी लागेल हे खरे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या शहराची खरी कहाणी मालाच्या वाहतुकीत आहे. लेनावर याकुत्स्कपाशी अद्याप पूल नाही. नदीचे पात्र तेथे कित्येक किलोमीटर रुंद होते. उन्हाळ्यात पैलतीरावर जाण्यास तराफा-बोटी असतात. हिवाळ्यात नदी इतकी घट्ट गोठते की तिच्यावरून अवजड मालमोटारी धावतात. सरकार त्या बर्फावर रीतसर रस्ता आखते, वजनाची मर्यादा लिहिलेल्या पाट्या लावते. पंचाईत होते ती या दोहोंच्या मधल्या आठवड्यांत. शरद ऋतूत बर्फ धरू लागतो पण भार पेलत नाही आणि वसंतात तो फुटू लागतो, तेव्हा शहर पलीकडच्या रस्त्यांपासून व रेल्वेपासून तुटते. मग विमान किंवा हवेच्या गादीवर चालणाऱ्या नौका एवढाच आधार. रेल्वेचे रूळ २०११ मध्ये समोरच्या काठावरील निझ्नी बेस्त्याखपर्यंत येऊन पोहोचले, प्रवासी गाड्या २०१९ मध्ये सुरू झाल्या. गाडी येते, पण शहरात येत नाही.

या परिस्थितीत व्यापार करणे म्हणजे खेळत्या भांडवलाची परीक्षा आहे. लेनाच्या वरच्या अंगाला, सुमारे दोन हजार किलोमीटरवर, उस्त-कुत येथे रेल्वे आणि नदी यांची भेट होते. तेथून पीठ, इंधन, यंत्रे, औषधे गाध बोटींवर चढवून प्रवाहाबरोबर खाली आणतात. नौकानयनाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. आतल्या खेड्यांसाठीचा माल याकुत्स्कला किंवा त्याही खालच्या बंदरांत उतरवून ठेवतात आणि नद्या-दलदली गोठल्यावर हिवाळी रस्त्यांनी पुढे पाठवतात. उत्तर टोकाच्या काही गावांत एखादी वस्तू खरेदी केल्यापासून दुकानात पोहोचेपर्यंत वर्षही उलटते. दुकानदाराने वर्षाचा साठा एकदम घ्यायचा, पैसा बारा महिने अडकवायचा, व्याज सोसायचे आणि अंदाज चुकला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हात चोळत बसायचे. महिन्याकाठी चार वेळा माल फिरवणाऱ्या आपल्या किराणा व्यापाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. रशियन सरकार या पुरवठ्याला ‘उत्तरेची रसद’ असे म्हणते आणि त्यासाठी दरवर्षी मदत व कर्जे देते. तरीही तेथील किमती मॉस्कोवाल्यांना थक्क करतात.

एकोणिसाव्या शतकातही गणित हेच होते. उन्हाळ्यात वरून नावांचे तांडे येत आणि याकुत्स्कला जत्रा भरे. चहाच्या दाबलेल्या विटा, तंबाखू, पीठ आणि कापड उतरत असे. कातडी आणि जमिनीत गाडल्या गेलेल्या मॅमथ या प्राचीन हत्तीचे सुळे परतीला चढत. चार आठवड्यांत वर्षाची कमाई होई, मग दीर्घ शांतता.

तुटलेपणाचा एक मासला तर बँकिंगच्या इतिहासात नोंदवण्यासारखा आहे. १९१७ च्या क्रांतीनंतरच्या यादवीत याकुतियात चलनी नोटा येईनाशा झाल्या. व्यवहार ठप्प होऊ लागले. तेव्हा वित्तखाते सांभाळणारे सिम्योनोव यांनी गोदामात पडून असलेली मद्याच्या बाटल्यांची छापील लेबले बाहेर काढली, त्यांवर हाताने किंमत लिहून सही-शिक्का केला आणि ती चलन म्हणून सुरू केली. माडेराच्या लेबलाची किंमत एक, पोर्टच्या लेबलाची दुसरी. लोकांनी ती स्वीकारली. नोट म्हणजे अखेर सही करणाऱ्याच्या शब्दावरचा विश्वास, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील वाक्य येथे मद्याच्या लेबलावर खरे ठरले.

येथील मूळ रहिवासी सखा. रशियन त्यांना याकुत म्हणतात. ते तुर्की कुळातील भाषा बोलतात आणि त्यांचे पूर्वज बैकाल सरोवराच्या बाजूने घोडे व गुरे घेऊन उत्तरेकडे आले. दक्षिणेतील पशुपालक जीवन त्यांनी या थंडीत टिकवले, हे त्यांचे मोठेच कर्तृत्व. त्यांचे केसाळ, बुटके घोडे हिवाळाभर उघड्यावर राहतात आणि खुरांनी बर्फ उकरून खालचे गवत खातात. जूनमध्ये, रात्र जवळजवळ नाहीशी होते त्या दिवसांत, ‘इस्याख’ हा नववर्षाचा उत्सव होतो आणि हजारो लोक हात धरून गोल रिंगणात नाचत उगवत्या सूर्याचे स्वागत करतात. ‘ओलोन्खो’ ही त्यांची मौखिक महाकाव्य-परंपरा. एकेक कथा गाऊन सांगण्यास रात्रीच्या रात्री लागतात. युनेस्कोने २००५ मध्ये तिचा गौरव केला. या परंपरेला लेखणीने अक्षररूप देणारे कवी प्लातोन ओयुन्स्की १९३९ मध्ये स्टालिनच्या तुरुंगात मरण पावले. झारांच्या काळी हद्दपारांना पाठवण्याचे ठिकाण म्हणून याकुतिया कुप्रसिद्ध होतीच. भिंतींची गरज नसलेला तो तुरुंग होता. याकुत्स्ककडून मागादानकडे जाणारा कोलिमा महामार्ग कैद्यांनी बांधला. त्यांतले असंख्य तेथेच मेले, म्हणून त्याला लोक ‘हाडांचा रस्ता’ म्हणतात.

हिऱ्यांचा शोध मात्र अगदी अलीकडचा. २१ ऑगस्ट १९५४ रोजी लारिसा पोपुगायेवा या तरुण भूवैज्ञानिक महिलेने ओढ्यांतील लाल गार्नेटच्या कणांचा माग काढत काढत सोव्हिएत संघातील पहिला हिरेधारी खडक शोधला. पुढच्याच वर्षी युरी खाबार्दिन यांच्या तुकडीला ‘मीर’ ही खाण सापडली. याकुत्स्कपासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला तिच्या कडेला मिर्नी हे गाव वसले. मीरचा उघडा खड्डा पाचशे मीटरांहून खोल आणि सव्वा किलोमीटरभर रुंद झाला. २००१ मध्ये वरची खोदाई थांबली. नंतरच्या भुयारी खाणीत ऑगस्ट २०१७ मध्ये पाणी शिरले, आठ कामगार सापडले नाहीत, खाण बंद पडली. हिरे काढणाऱ्या अल्रोसा कंपनीत सखा प्रजासत्ताकाचा एक चतुर्थांश हिस्सा आहे आणि याकुत्स्कच्या शाळा, रुग्णालये, पगार यांचा मोठा भार त्या लाभांशावर व करांवर आहे. युक्रेन युद्धानंतर २०२४ च्या आरंभापासून सात प्रगत राष्ट्रांच्या गटाने रशियन हिऱ्यांवर बंदी घातली आणि १ मार्चपासून तिसऱ्या देशात घासलेल्या रशियन मालावरही टप्प्याटप्प्याने निर्बंध आणले. पुडीबरोबर मूळ देशाचा पुरावा मागितला जाऊ लागला, तेव्हा सुरतेतील कित्येक पेढ्यांना याकुतिया हे नाव पहिल्यांदा कागदावर लिहावे लागले असेल.

याकुत्स्कच्या लोकांना मात्र निर्बंधांहून मोठी काळजी पायाखालची आहे. गेल्या अर्धशतकात शहराचे सरासरी वार्षिक तापमान दोन अंशांहून अधिक वाढले. साठच्या दशकातील इमारतींचे खांब तेव्हाच्या थंडीचा हिशेब धरून रोवलेले आहेत. वरचा सुटणारा थर जसजसा खोल जातो, तसतशी खांबाला घट्ट धरणारी लांबी कमी होते. त्यातच जुन्या नळांतून गळणारे गरम पाणी इमारतीखाली साचते आणि हवामानाने शंभर वर्षांत केले नसते ते काम एका हिवाळ्यात करते. भिंतींना तिरपे तडे जातात, दारे चौकटीत बसेनाशी होतात. शहराच्या पूर्वेकडील चुरापचा भागात शेते खचून उंचवटे-खळग्यांची झाली आहेत. उत्तरेला बातागाय गावापाशी साठच्या दशकात जंगल तोडले, जमिनीवरची सावली गेली, आणि तेथे पडलेली घळ आता सुमारे किलोमीटरभर लांब झाली असून दरवर्षी वाढते आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात अरण्यांना लागलेल्या आगींचा धूर याकुत्स्कवर आठवडेच्या आठवडे राहिला; तो उत्तर ध्रुवापर्यंत पोहोचल्याचे उपग्रहांनी टिपले.

वितळणाऱ्या जमिनीतून बाहेर पडते त्यालाही ग्राहक आहेत. मॅमथचे सुळे गोळा करून विकण्याचा धंदा तेजीत आला असून बराच माल चीनमध्ये जातो. २०२४ मध्ये १ लाख ३० हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे मॅमथचे पिल्लू चांगल्या अवस्थेत सापडले. ‘याना’ नाव ठेवलेले ते पिल्लू याकुत्स्कच्या विद्यापीठात आणले गेले.

२०१८ मध्ये सखा प्रजासत्ताकाने गोठलेल्या जमिनीच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. रशियात असा कायदा करणारे हे पहिले राज्य. नव्या इमारतींसाठी खांब अधिक खोल नेतात आणि जेथे भीती वाटते तेथे जमिनीत शीतनलिका पुरून हिवाळ्याची थंडी मुद्दाम खाली पोहोचवतात. दरम्यान लेनावरील पुलाचे काम, जे सोव्हिएत काळापासून कागदावरच होते, अखेर सुरू झाले आहे. २०२८ पर्यंत तो पुरा करण्याचे नियोजन आहे. तोपर्यंत नोव्हेंबर उजाडला की याकुत्स्कचे व्यापारी दररोज नदीवरील बर्फाच्या जाडीचा आकडा पाहतात, आणि वीस टनी मालमोटारीला परवानगी मिळाल्याचे कळेपर्यंत पलीकडच्या काठावर आलेला माल तसाच उभा असतो.